पाकळ्या वाढल्या, बीज हरपले

हिमालयाच्या उतारावर आपोआप उगवणारा रानगुलाब आणि फुलबाजारात जुडीने विकला जाणारा गुलाब शेजारी शेजारी ठेवले, तर ही दोन्ही फुले एकाच कुळातील आहेत यावर सहसा कोणाचा विश्वास बसणार नाही. रानगुलाबाला पाकळ्या अवघ्या पाच आणि त्यांच्या मध्यभागी पिवळ्याधमक पुंकेसरांचा दाट झुबका. बाजारातल्या गुलाबात पाकळ्यांच्या थरांवर थर, पुंकेसर मात्र शोधूनच काढावे लागतात. असाच फरक आपल्या अंगणातही पाहावयास मिळतो. जास्वंद साधी असते तशी डबलही असते. तगर एकेरी असते तशी दुहेरीही. निशिगंधाचे तर 'सिंगल' आणि 'डबल' असे सरळ दोन वर्गच शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी पाडले आहेत.

या जादा पाकळ्या येतात कोठून? डबल जास्वंदीचे फूल हळुवारपणे उलगडून पाहिले, तर उत्तराचा धागा तेथेच सापडतो. आतील कित्येक पाकळ्या आकाराने वेड्यावाकड्या असतात आणि त्यांतल्या काहींच्या कडेला पिवळे परागकोश अजूनही चिकटलेले दिसतात. हा अवयव धड पाकळी नाही आणि धड पुंकेसरही नाही. पुंकेसर व्हायला निघालेला एक अवयव वाटेतच पाकळीच्या मार्गाला लागला, असे त्याचे वर्णन करता येईल. भरगच्च फुलातील बहुतेक जादा पाकळ्यांचा जन्म असाच होतो. त्या फुलाला वरून मिळालेली देणगी नव्हेत. ज्या अवयवांनी पराग द्यायचा आणि बीज धरायचे, त्यांच्याच जागी त्या उभ्या असतात. माणसाला मोहविणारे हे सौंदर्य वनस्पतीने आपल्या वंशाचे मोल देऊन घेतलेले असते.

तत्त्ववेत्त्यापासून कवीपर्यंत

दुहेरी फुलांचे कुतूहल फार जुने आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींविषयी जे लिखाण केले, त्यात बहुतेक गुलाबांना पाच पाकळ्या असतात, काहींना बारा किंवा वीस, तर काहींना शंभरदेखील असतात, अशी नोंद आहे. फुलातील जनुकीय बिघाडाच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक मानली जाते. अर्थात जनुक नावाची काही वस्तू असते, हे कळायला त्यानंतर बावीसशेहून अधिक वर्षे जावी लागली.

अठराव्या शतकात स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने पुंकेसरांची आणि स्त्रीकेसरांची संख्या मोजून वनस्पतींचे वर्गीकरण करण्याची पद्धत रूढ केली. पुंकेसर म्हणजे वर, स्त्रीकेसर म्हणजे वधू आणि फूल म्हणजे त्यांचा विवाहमंडप, अशी त्याची कल्पना होती. ज्या फुलात वरही नाही आणि वधूही नाही, केवळ मंडपाचे पडदेच पडदे आहेत, त्याला या पद्धतीत जागा मिळणे कठीणच होते.

या विकृत मानल्या गेलेल्या फुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिले ते जर्मन महाकवी गटे याने. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या वनस्पतींच्या रूपांतरावरील आपल्या प्रबंधात त्याने असे प्रतिपादन केले, की निदल, पाकळी, पुंकेसर आणि स्त्रीकेसर ही सारी एकाच मूळ अवयवाची, म्हणजे पानाची, निरनिराळी रूपे आहेत. दुहेरी फुलात पुंकेसरांच्या पाकळ्या होतात आणि क्वचित गुलाबाच्या मधोमध फळाऐवजी पुन्हा देठ फुटून वर आणखी कळ्या येतात, ही उदाहरणे त्याने पुराव्यादाखल दिली. कवीची ही अंतर्दृष्टी किती अचूक होती, हे सिद्ध होण्यास मात्र दोनशे वर्षे लागली.

चार वर्तुळे, तीन आज्ञा

कोणत्याही परिपूर्ण फुलात बाहेरून आत अशी चार वर्तुळे असतात. सर्वांत बाहेर कळीचे रक्षण करणारी हिरवी निदले, त्यानंतर पाकळ्या, मग पुंकेसर आणि अगदी केंद्रस्थानी स्त्रीकेसर. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या चिमुकल्या तणात ही रचना स्वच्छ दिसते: चार निदले, चार पाकळ्या, सहा पुंकेसर आणि दोन किंजदलांचे मिळून झालेले स्त्रीकेसर. १९८० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे इलियट मायरोविट्झ आणि त्यांचे सहकारी या तणाच्या बिघडलेल्या फुलांचा अभ्यास करीत होते. त्याच सुमारास इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इन्स केंद्रात एन्रिको कोएन हे स्नॅपड्रॅगन, म्हणजे आपल्याकडील बागांत हिवाळ्यात फुलणारे अँटिऱ्हिनम, या शोभेच्या फुलावर काम करीत होते.

दोन्ही वनस्पती एकमेकींच्या दूरच्या नात्यातल्या; तरीही दोहोंत सापडणारे बिघाड एकसारखे होते. कधी पाकळ्यांच्या जागी निदले येत आणि पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरे. कधी निदले आणि पाकळ्या यांच्या जागी प्रजननाचे अवयव येत. तर कधी पुंकेसरांच्या जागी पाकळ्या. बिघाड नेहमी शेजारशेजारच्या दोन वर्तुळांत एकदमच होई, हे विशेष. यावरून १९९१ साली कोएन आणि मायरोविट्झ यांनी 'नेचर' या नियतकालिकात जे प्रारूप मांडले, ते 'एबीसी प्रारूप' या नावाने आज पदवीच्या पाठ्यपुस्तकांतही शिकविले जाते.

हे प्रारूप आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. फुलात तीन प्रकारच्या आज्ञा काम करतात, असे त्यात मानले आहे. केवळ 'ए' ही आज्ञा असेल तेथे निदल तयार होते. 'ए' आणि 'बी' एकत्र आल्या की पाकळी. 'बी' आणि 'सी' एकत्र आल्या की पुंकेसर. आणि एकटी 'सी' असेल तेथे स्त्रीकेसर. शिवाय 'ए' आणि 'सी' यांचे हाडवैर आहे. जेथे एक आहे तेथे दुसरीला थारा नाही. आणि एक नाहीशी झाली, की दुसरी तिचे राज्य बळकावते.

या आज्ञा देणारी जनुके पुढे एकामागून एक हाती आली. त्यांपैकी बहुतेक जनुकांपासून तयार होणारी प्रथिने डीएनएच्या विशिष्ट जागी जाऊन बसतात आणि इतर असंख्य जनुके चालू वा बंद करतात. वीजघरातील मुख्य खटक्यांसारखे त्यांचे काम असते. एक खटका बदलला, की त्याच्यावर अवलंबून असलेली सारी वस्ती उजळते किंवा अंधारते. म्हणूनच एका जनुकातील बिघाडाने पुंकेसराचा केवळ रंग वा आकार बदलत नाही, तर त्याच्या जागी अख्खी पाकळी उभी राहते.

तिन्ही आज्ञा एकाच वेळी नष्ट केल्या, तर फुलाच्या जागी केवळ पानांसारख्या अवयवांचा झुपका उरतो, हेही प्रयोगांनी दाखवून दिले. त्यानंतर २००० साली 'सेपॅलाटा' या आणखी एका गटातील जनुकांचे कार्य उलगडले आणि २००१ मध्ये अमेरिका व जपान येथील शास्त्रज्ञांनी आवश्यक ती सर्व जनुके एकत्र चालू करून ॲराबिडॉप्सिसच्या पानांचे पाकळ्यांसारख्या अवयवांत रूपांतर करून दाखविले. गटेचे म्हणणे अशा रीतीने दोन्ही बाजूंनी पडताळून पाहिले गेले.

'थांब' म्हणणारे जनुक

दुहेरी फुलाचे रहस्य दडले आहे ते 'सी' या आज्ञेत. ॲराबिडॉप्सिसमध्ये ही आज्ञा देणाऱ्या जनुकाचे नाव 'ॲगॅमस' असे आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'विवाहाविना'. लिनियसच्या विवाहमंडपाची आठवण करून देणारे हे नाव फारच समर्पक म्हणावे लागेल. कारण हे जनुक निकामी झालेल्या फुलात वधू-वर दोघेही नसतात. स्नॅपड्रॅगनमध्ये हेच काम करणाऱ्या जनुकाचे नाव 'प्लेना'. लॅटिनमधील या शब्दाचा अर्थ 'भरलेली'. दुहेरी फुलांच्या जातींच्या शास्त्रीय नावांत माळी मंडळी हाच शब्द पूर्वापार जोडत आली आहेत.

'सी' नाहीशी झाली म्हणजे काय होते, हे प्रारूपावरून सहज ताडता येते. तिच्या वैरिणीला, 'ए'ला, सारे फूल मोकळे मिळते. तिसऱ्या वर्तुळात 'बी' आणि 'सी' यांच्याऐवजी 'ए' आणि 'बी' एकत्र येतात. म्हणजे पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. चौथ्या वर्तुळात एकटी 'ए' उरते. म्हणजे स्त्रीकेसराच्या जागी निदले.

परंतु एवढ्याने फक्त पाकळ्यांची एक जादा रांग मिळेल. शंभर पाकळ्या मिळणार नाहीत. त्यासाठी 'सी'चे आणखी एक कार्य लक्षात घ्यावे लागते. फुलाच्या कोवळ्या कळीच्या टोकाशी सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा एक लहानसा साठा असतो. 'वुशेल' नावाचे जनुक हा साठा टिकवून धरते. स्त्रीकेसर घडू लागताच ॲगॅमस या जनुकाच्या प्रभावाने वुशेल बंद पडते, साठा संपतो आणि फुलाची वाढ थांबते. 'आता पुरे' असे सांगणारी ही आज्ञाच नसेल, तर पेशी विभागत राहतात आणि अवयवांमागून अवयव येतच राहतात. निदल, पाकळी, पाकळी. पुन्हा निदल, पाकळी, पाकळी. जणू फुलाच्या पोटात दुसरे फूल आणि त्याच्या पोटात तिसरे. भरगच्च फूल हे अशा रीतीने न संपणारे फूल असते. त्याला फळाकडे जाण्याची वाटच उरत नाही.

गुलाबाने काढलेली पळवाट

प्रत्यक्ष बागेतील फुलांत मात्र हे जनुक दरवेळी पूर्णपणे मोडलेलेच असते असे नाही. गुलाबाचे उदाहरण या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. २०१० साली फ्रान्समधील संशोधकांनी साध्या आणि दुहेरी गुलाबांच्या कळ्यांची तुलना केली. दुहेरी गुलाबातही 'सी' आज्ञा देणारे जनुक काम करीत असते. परंतु त्याचे क्षेत्र आक्रसून कळीच्या मध्यभागापुरते उरलेले असते, असे त्यांना आढळले. सीमारेषा आत सरकली, की तिच्या बाहेर राहिलेले पुंकेसर आपोआप पाकळ्यांच्या प्रदेशात जातात. चीनमध्ये जोपासलेले गुलाब आणि युरोप व पश्चिम आशियात जोपासलेले गुलाब अशा दोन्ही परंपरांत हा बदल स्वतंत्रपणे झालेला दिसला. हजारो मैल अंतरावरच्या माळ्यांनी, परस्परांचा काही संबंध नसताना, एकच जनुकीय पळवाट निवडली होती.

ही सीमा सरकते कशामुळे, याचा उलगडा २०१८ च्या सुमारास होऊ लागला. त्या वर्षी 'ओल्ड ब्लश' या जुन्या चिनी गुलाबाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. 'सी'ला दूर ठेवणाऱ्या एका जनुकावर एरवी सूक्ष्म आरएनएचा एक तुकडा लगाम घालून असतो. दुहेरी गुलाबांत डीएनएचा एक भटका तुकडा या जनुकात नेमका अशा रीतीने घुसलेला आढळला, की लगाम अडकविण्याची जागाच नष्ट झाली. बेलगाम झालेले जनुक मग 'सी'ला केंद्राकडे रेटत जाते. पीचच्या दुहेरी फुलांत आणि पुढे कार्नेशन व पिटुनिया यांतही याच स्वरूपाच्या जनुकात, याच जागी बिघाड झाल्याचे २०२० पर्यंत दिसून आले. तंबाखूच्या रोपात जनुक-संपादनाने तेवढीच जागा मुद्दाम बिघडविली, तर पुंकेसरांना पाकळ्यांचे रूप येऊ लागते, हेही प्रयोगाने कळले. ॲगॅमस मोडण्यापेक्षा हा मार्ग निराळा. येथे बिघडलेली एकच प्रत असली तरी फूल दुहेरी होते, त्यामुळे बागकाम करणाऱ्याच्या नजरेत ते पहिल्याच पिढीत भरते.

थंडीचाही या सीमेवर परिणाम होतो. एकाच झाडाला थंड हवेत अधिक पाकळ्यांची फुले येतात, हा अनुभव गुलाब लावणाऱ्यांना नवा नाही. कमी तापमानात गुलाबाच्या 'सी' जनुकाच्या डीएनएवर रासायनिक खुणा वाढतात, त्याचे काम मंदावते आणि पुंकेसर घटून पाकळ्या वाढतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जनुकातील अक्षरे तीच राहूनही हवामान त्यांचा उच्चार बदलू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

झेंडूची 'पाकळी'

प्रत्येक भरगच्च फुलामागे हेच कारण असते, असे मात्र समजू नये. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांची गोष्ट अगदी निराळी आहे. यांत आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो शेकडो चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो, आणि ज्याला पाकळी म्हणतो, ते कडेचे एक स्वतंत्र फूल असते. मधल्या नळीसारख्या फुलांनीही कडेच्या फुलांचा लांबट आकार धारण केला, की गुच्छ भरगच्च दिसतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८८ साली फ्रान्समधील आर्ल येथे रंगविलेल्या सूर्यफुलांपैकी कित्येक अशीच भरगच्च आहेत. अशा सूर्यफुलांमागचे जनुक अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये शोधून काढले. त्याचा 'एबीसी'शी संबंध नाही. फुलाच्या दोन बाजू सारख्या की वेगळ्या, हे ठरविणाऱ्या जनुकांच्या घराण्यातले ते आहे.

वांझ फुलांचा वंश

ज्या फुलाला पराग नाही आणि बीज नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते कसे? याचे सर्वपरिचित उत्तर म्हणजे फांदी, कलम, कंद. मोगऱ्याची फांदी रुजवतात, रानगुलाबाच्या खुंटावर हव्या त्या गुलाबाचा डोळा भरतात, निशिगंधाचे कंद लावतात. परंतु ज्या रोपांचे आयुष्य एका हंगामाचे, त्यांचे काय?

जपानमधील माळ्यांनी यावर एकोणिसाव्या शतकातच तोड काढली होती. 'असागाओ' या तेथील लाडक्या वेलीचे दुहेरी फूल पूर्णपणे वांझ असते. 'सी' गटातील जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा शिरल्याने असे होते, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. वांझ रोपाचे बी मिळणे शक्य नव्हते; म्हणून त्या माळ्यांनी त्याच वाफ्यातील साध्या फुलांच्या भावंडांचे बी राखले. या भावंडांपैकी काही दिसायला साधी असली तरी पोटात दुहेरीपणाची एक प्रत बाळगून असतात, आणि त्यांच्या संततीत सुमारे एक चतुर्थांश रोपे पुन्हा दुहेरी निघतात. मेंडेलचे नाव ऐकलेले नसताना मेंडेलच्या नियमाने चालणारी ही शेती होती.

युरोपातील 'स्टॉक' या सुगंधी फुलाची तऱ्हा आणखी गमतीची आहे. याच्या साध्या फुलांच्या काही वाणांचे बी पेरले, की निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक रोपे दुहेरी निघतात. दरवर्षी, न चुकता. केंब्रिज येथील एडिथ साँडर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कोड्याचा पाठपुरावा केला. या वाणांत साधेपणाचे जनुक वाहणारा पराग निकामी ठरतो. फळ धरविणारा सारा पराग दुहेरीपणाचेच जनुक घेऊन येतो. त्यामुळे एक चतुर्थांशाचे प्रमाण निम्म्यावर जाते. येथेही दुहेरी रोपांचा वंश चालतो तो साध्या भावंडांच्या जोरावरच.

निशिगंधाचे उदाहरण महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या अधिक जवळचे आहे. गुलछडी या नावानेही ओळखले जाणारे हे फूल मूळचे मेक्सिकोचे. हार आणि अत्तर यांसाठी सिंगल, तर फुलदाणीत ठेवावयाच्या दांड्यांसाठी डबल, अशी त्याची विभागणी आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'शृंगार' हा सिंगल आणि 'सुवासिनी' हा डबल, असे दोन वाण काढले. दोन्ही सिंगल आणि डबल यांच्या संकरातूनच निघालेले. नवे, अधिक भरगच्च फूल हवे असले तरी संशोधकाला बीज धरणाऱ्या साध्या फुलाच्या दारी जावे लागते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मधमाशीचा हिशेब

हा सारा व्यवहार माणूस आणि वनस्पती या दोघांपुरताच असता, तर तक्रार करण्याचे कारण नव्हते. परंतु फुलाचा तिसरा भागीदार म्हणजे कीटक. पाकळी ही मुळात त्याच्यासाठी लावलेली पाटी. 'आत पराग आहे, मध आहे' असे सांगणारी. दुहेरी फुलात पाट्याच पाट्या लागतात आणि दुकान रिकामे असते. पराग नसतोच, मध असलाच, तरी पाकळ्यांच्या गर्दीतून तेथवर पोहोचणे मधमाशीला जमत नाही. इंग्लंडमध्ये बागेतील फुलांची पाहणी करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जातींच्या दुहेरी फुलांत मध नगण्य असल्याचे आणि कीटकांची ये-जा घटल्याचे नोंदविले गेले. शहरांत मोकळी जागा आधीच आक्रसत चालली आहे. तेथील प्रत्येक वाफा आणि प्रत्येक गच्ची केवळ भरगच्च फुलांनी सजविली, तर फुलांनी बहरलेल्या वस्तीत मधमाशी उपाशी राहील.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हिशेब मांडावा लागतो. मावळातील पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत परदेशी रवाना होणाऱ्या गुलाबांची रोपे बियांपासून होत नाहीत. ती विकत घ्यावी लागतात, आणि नोंदणीकृत वाण असेल तर त्यावर स्वामित्वधनही मोजावे लागते. गुलाबाचे बी पेरून आईसारखेच रोप मिळत नाही, हे त्याचे मुख्य कारण. पण दुहेरी फुलांच्या अनेक जातींत तर बी पेरण्याचा पर्यायच शिल्लक नसतो. अशा फुलाचा वंश सर्वस्वी माणसाच्या हाती असतो. ज्या दिवशी कोणी फांदी रुजविणार नाही, कंद जपणार नाही, भावंडांचे बी राखणार नाही, त्या दिवशी तो वाण संपतो.

म्हणून भरगच्च फुले लावूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे माणसाने त्यांना जपले, त्यांनीही त्याचे उत्सव, देव्हारे आणि वेण्या सजविल्या. आणि फूल घडते कसे, या प्रश्नाचे उत्तरही याच 'बिघडलेल्या' फुलांनी शास्त्राला दिले. मात्र डबल जास्वंदीच्या शेजारी पाच पाकळ्यांची साधी जास्वंदही असावी. मधमाशीचे पोट तिच्यावर भरते. आणि पुढच्या पिढीचे बीज, उद्याच्या भरगच्च फुलाचेसुद्धा, सांभाळून ठेवते ते साधे फूलच.